सहावी वाटी

रविवारी सकाळी चहा झाल्यावर केशरबाईंनी भांडी घासायच्या मशीनची परीक्षा घ्यायचं जाहीर केलं.

मशीन घरात येऊन अकरा दिवस झाले होते. अकोल्याला मोठ्या उमरीतल्या त्या दोन खोल्यांत ती न्हाणीच्या दाराशी उभी होती, कारण पाण्याची नळी तिथपर्यंतच पोचत होती. आंघोळीला जाणाऱ्याला तिच्या अंगावरून तिरपं होऊन आत शिरावं लागे. केशरबाईंची सून ज्योत्स्ना हिचं मनगट बाळंतपणानंतर धरलं होतं, डॉक्टरांनी भांड्यांना हात लावू नको म्हणून सांगितलं होतं, आणि भांडेवाली ठेवावी तर नळाला पाणी पाचव्या दिवशी. तिच्या नागपूरच्या भावानं हे सगळं फोनवर ऐकलं आणि भाचीच्या पहिल्या वाढदिवसाला बाहुली पाठवायची ती मशीन पाठवली.

"भांडं हातानं घासलं का हाताले समजते, कोठी राह्यलं अन् कोठी निघालं," केशरबाई म्हणायच्या. "या पेटीले काय समजते व?"

मशीन बसवायला गयासुद्दीनभाई आले होते. हयात मोठमोठ्या हॉटेलांच्या भटारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. नळी जोडता जोडता त्यांनी यंत्रांचा इतिहास सांगितला होता. "भाभीजी, पैलेकी मशीन म्हंजे भैस. अर्धी टाकी पानी पी जाती थी, अन् पावडर ऐसा जालिम की कपबशीवरचे फूल गायब. आताची पाहा, दहा लिटर में सारा घर. टिकिया भी शरीफ हाये, दाग खाती, बर्तन नहीं खाती. फक्त यहाँ डिब्बे में नमक डालते रहना."

"मीठ?" केशरबाई उडाल्याच. "आमच्या बोअरच्या पान्यात दाय शिजत नाही, इतकं खारं. अन् त्याच्यात आनखी मीठ?"

"खाऱ्या पानी के वास्तेच तो नमक लगता, भाभीजी."

केशरबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की गयासुद्दीनभाईंनी चहा अर्धाच पिऊन पाना पिशवीत टाकला.

तर त्या मशीनची परीक्षा. पैज अशी ठरली, की केशरबाई देतील ते भांडं मशीननं लख्ख काढलं, तर गावाहून आणलेली भांडी घासायच्या राखेची पिशवी केशरबाई स्वतःच्या हातानं उकिरड्यावर टाकणार. नाही निघालं, तर मशीन नागपूरला परत. आणि परीक्षेसाठी त्यांच्याजवळ भांडंही तयार होतं. सहावी वाटी.

त्या वाटीची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. मुलाच्या, म्हणजे प्रीतमच्या लग्नात केशरबाईंच्या भावानं सहा स्टीलच्या वाट्या दिल्या होत्या, प्रत्येकीच्या काठावर 'देवीदासकडून सप्रेम भेट' असं कोरलेलं. त्यातली एक प्रीतमचे वडील मोतीराम दोन वर्षांपूर्वी चटणी बांधून शेतात घेऊन गेले, ती परत आली नाही. नात झाल्यापासून केशरबाई अकोल्याला आणि मोतीराम मूर्तिजापूरकडच्या गावी, चार एकर कपाशीपाशी. रोज संध्याकाळी फोनवर पीकपाण्याचं बोलणं संपलं की केशरबाई विचारायच्याच, "अन् माही वाटी?" भावानं दिलेल्या सहांतली पाचच मोजताना त्यांचा जीव तुटायचा.

आणि शनिवारी संध्याकाळी मोतीराम एस.टी.नं आले. हातात राखेची पिशवी, थोडे मूग, आणि पेपरात गुंडाळलेली वाटी.

"घे तुही वाटी," म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले.

ऐन फवारणीत, बोंडअळीनं सगळा तालुका हैराण असताना, हा माणूस शेत टाकून वाटी द्यायला आला याचं केशरबाईंना आधी नवल वाटलं आणि मग थोडा अभिमानही वाटला. शेजारणीला त्यांनी ते दोनदा सांगितलं.

रविवारी मोतीरामांनी सकाळी चहा घेतला आणि ते पुन्हा आडवे झाले. एरवी पाचला उठून गल्ली झाडणारा माणूस. "थकले प्रवासानं," असं म्हणत केशरबाईंनी पेपर सोडला. वाटी बाहेरून काळीठिक्कर होती. आतून हिरवट-तपकिरी खपली, काठावरच्या अक्षरांत मेण भरल्यासारखा मळ. देवीदास नुसता नावापुरता उरला होता.

ज्योत्स्नाही वाकून पाहत होती. बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली ती बाई. मुलीला, मितूला, काहीही देताना डब्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय झाकण उघडत नसे. पाणी दोनदा उकळायची. त्या महिन्यात पेपरात रोज फवारणीनं दगावलेल्या माणसांचे आकडे येत होते. ती ते वाचायची आणि पेपर कपाटावर ठेवायची, मितूच्या हाताला बातमी लागू नये म्हणून. ती म्हणाली, "आई, हे काय लागलंय याला?"

"इंजनाचं तेल असन. काय का असेना. तुही मशीन काढते का नाही, ते पाहू."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी ज्योत्स्नानं आणखी चार प्रश्न विचारले असते. पण अकरा दिवस ती त्या मशीनसाठी टोमणे ऐकत होती. तिनं वाटी आत ठेवली. बाजूला उरलेल्या पाच वाट्या, ताटं, गंज-पातेली, पळ्या, मितूचा चमचा, चहाची भांडी. साबणाची टिकिया टाकली आणि सगळ्यात कडक, सगळ्यात गरम पाण्याचं बटण दाबलं.

दोन तास चाळीस मिनिटं. केशरबाई समोर पाट घेऊन बसल्या. आतून खळखळ ऐकू येत होती. "एवढ्या येळात मी लग्नाचे भांडे काढले असते," त्या दर पंधरा मिनिटांनी म्हणत होत्या. प्रीतम रविवारचा पेपर घेऊन दोघींच्या मध्ये येऊ नये अशा बेतानं बसला होता. तो जिल्हा परिषदेत कारकून. फाइल दोन टेबलांच्या मध्ये अडकली की आपण चहाला जावं, एवढं शहाणपण त्याला नोकरीनं दिलं होतं.

दार उघडलं. वाफ निघाली. केशरबाईंनी पदरानं धरून एकेक वाटी बाहेर काढली आणि खिडकीत उजेडाला ओळीनं मांडली. सहा वाट्या. सहाही आरशासारख्या. सहाही काठांवर देवीदास ठळक.

केशरबाईंनी पहिली फिरवून पाहिली, मग तिसरी, मग पुन्हा पहिली. चष्मा लावून पाहिलं.

"याच्यातली कोनती व?"

"ओळखा ना, आई," ज्योत्स्ना म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या आवाजात तो सूर आला असावा, कारण प्रीतमनं पेपर खाली केला.

"बाप्पा," केशरबाई हळूच म्हणाल्या. "मले नाही वळखू येत."

त्या आनंदात ज्योत्स्नानं मशीनचा फोटो भावाला पाठवला, ओळीतली एक वाटी उचलली, तीत मुगाची खिचडी घेतली आणि मितूला भरवली. एरवी दोन घासांनंतर तोंड फिरवणारी मितू वाटी चाटूनपुसून मोकळी झाली. केशरबाईंनी ती विसळून पुन्हा ओळीत ठेवली. घरात असा दिवस अकरा दिवसांत उगवला नव्हता.

तेवढ्यात आतून मोतीराम उठून आले. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले, डोळे बारीक करून.

"माही वाटी कोठी ठुली?"

"तुमीच वळखा," केशरबाई म्हणाल्या. हरल्या तरी त्यांना तमाशा दाखवायची हौस होती. "पाहा, कशा चमकून राहिल्या साही."

"चमको. पन तिच्यात काही खाऊ-पिऊ नोका. कपाशीचं औषध मोजतो मी तिच्यात. दोन वर्षं झाले."

मितूनं चमचा जमिनीवर आपटला आणि हसली.

"मंग आनली काहून इकडे?" केशरबाई किंचाळल्या.

"तूच तं रोज मांगे ना व!"

"वाटी मांगत होती मी! जहर नोहोतं मांगतलं!"

प्रीतमनं पुढे होऊन सहाही वाट्या टेबलावर घेतल्या. केशरबाईंनी एकेकीचा वास घेतला. सगळ्यांना लिंबाचा. प्रीतमनं हातावर वजन करून पाहिलं. सारखं. ज्योत्स्नानं बॅटरी लावून कोरलेली अक्षरं तपासली, एखाद्या 'द'च्या पोटात तरी काही राहिलं असेल म्हणून. मशीननं 'द'चं पोटही धुतलं होतं. गेल्या अकरा दिवसांत एकदा तरी ती नापास झाली असती तर बरं, असं ज्योत्स्नाला वाटलं.

"घाबरू नको," ती स्वतःलाच म्हणत होती. "ही औषधं अल्कलीत फुटतात. टिकिया अल्कलीची आहे. पाणी गरम होतं. सगळं फुटून गेलं असेल."

"असेल का गेलंच?" प्रीतमनं विचारलं.

असेल, हे तिला परीक्षेत पुरलं असतं. मितूच्या पोटाला ते पुरत नव्हतं. आणि मग दुसरा विचार आला. मशीनमध्ये पाणी एकच असतं. तेच पाणी वाटीवरून ताटावर, ताटावरून चमच्यावर. उरलं असेल तर ते आता एका वाटीत नव्हतं.

"राखेनं घासली असती," केशरबाईंनी नेमकं त्याच वेळी म्हटलं, "तं तिचं तिच्यापाशी राह्यलं असतं. तुह्या मशीननं साऱ्या घराले परसाद वाटला."

ज्योत्स्नानं गयासुद्दीनभाईंना फोन लावला. "भाई, मशीननं जहर निघतं का?"

पलीकडून स्कूटर जात असल्याचा आवाज आला. "बेटी, कौनसा जहर?"

"फवारणीचं. वाटीला होतं."

"देखो बेटी, कंपनीनं किताब में हलदी लिखी, तेल लिखा, अंडा लिखा, चाय का दाग लिखा. जहर का नाम नहीं उसमें. हलदीपर्यंत मेरी गॅरंटी. उसके आगे अल्ला मालिक. तू बच्चीले दवाखाने में ले जा, मशीन को मैं देखता."

आणि मितूनं जांभई दिली. तिच्या हनुवटीवरून लाळ ओघळली. दात येत असल्यानं ती लाळ तीन आठवडे ओघळतच होती, पण ज्योत्स्नाला पेपरातल्या बातमीतली लक्षणं दिसली, ओळीनं, एक-दोन-तीन.

"रिक्षा!" ती ओरडली.

दवाखान्यात भांडी तपासायला लागतील म्हणून केशरबाईंनी मशीनमधली सगळी भांडी पोत्यात भरली. पोतं कोणी उचलायचं हा प्रश्न आला. प्रीतम रिक्षा आणायला गेला होता. मोतीराम पुन्हा भिंतीला टेकले होते.

"मी घरी थांबतो," ते म्हणाले. "गर्दी कायले."

"थांबता? तुमचीच करनी हाये ते! उठा, पोतं उचला."

मोतीराम उठले. पोतं उचललं.

रस्त्यात जो पहिला मोठा दवाखाना लागला त्यात ते शिरले. अपघात विभाग वर होता. प्रीतम रिक्षाचे पैसे द्यायला खाली थांबला. ज्योत्स्ना मितूला छातीशी धरून पायऱ्या चढली, मागे केशरबाई, आणि सगळ्यांत शेवटी चाळीस भांड्यांचं पोतं पाठीवर घेतलेले मोतीराम. वर आल्यावर त्यांनी पोतं खाली टाकलं, त्याचा असा खणखणाट झाला की बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. मोतीरामही भिंत धरून खाली बसले. सदरा घामानं भिजला होता, हात थरथरत होते.

"सिस्टर, फवारणीचं औषध पोटात गेलंय," ज्योत्स्ना म्हणाली. "पावणेबाराला. खिचडीबरोबर. पण वाटी कोणती ते माहीत नाही."

सिस्टरनं ज्योत्स्नाकडे पाहिलं. तिच्या कडेवर मितू सिस्टरच्या पेनकडे हात करून हसत होती. मग तिनं खाली बसलेल्या माणसाकडे पाहिलं. धोतर, घाम, अंगाला तो वास. तिनं वाकून त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, आणि मागे न वळता ओरडली, "ट्रॉली!"

"अवं बाई, म्या काही नाही पेलो!" मोतीराम म्हणाले. "म्या फक्त पोतं आनलं!"

"हो काका. इथं येणारा कोणीच काही पीत नाही."

"सिस्टर, पेशंट ही आहे," मागून पोचलेला प्रीतम पुढे झाला. "ते माझे वडील आहेत."

"वडील आहेत म्हणूनच तुम्ही लपवताय. बाजूला व्हा."

मोतीराम जितके नाही म्हणत तितके चौघं वॉर्डबॉय त्यांना घट्ट धरत. नाकातून नळी गेली तेव्हा त्यांचं शेवटचं वाक्य 'प्रीतमची माय, सांग ना व याहिले' हे होतं. केशरबाई सांगतच होत्या. पण रडत रडत सांगणाऱ्या बायका त्या दवाखान्यानं त्या मोसमात फार पाहिल्या होत्या.

काचेपलीकडे मोठी खोली होती. सहा खाटा. पाचांवर पाच पुरुष, मनगटं पट्टीनं खाटेला बांधलेली. विषावर उतारा म्हणून दिलेल्या औषधानं भान सुटतं, कोणी उठून पळतं, म्हणून. एकाचा हात मोकळा राहिला होता. तो छताकडे पाहत हवेतून काहीतरी चिमटीनं वेचत होता आणि कमरेशी नसलेल्या ओटीत टाकत होता. ज्योत्स्नाला क्षणभरानं कळलं, तो कापूस वेचतोय. तिनं मितूचं तोंड दुसरीकडे फिरवलं. सहाव्या खाटेवर मोतीरामांना टाकलं.

मितूला लहान मुलांच्या डॉक्टरांनी पाहिलं, रक्त घेतलं, दोन तास बसा म्हणाले. मितू भुकेनं रडू लागली. द्यावं कशात? ज्योत्स्नानं पोत्याकडे पाहिलं आणि शेवटी ओंजळीतून पाणी पाजलं.

तोवर पोलिसांना कळवणं झालं होतं आणि हवालदार उत्तमराव कागद घेऊन आले. जाड, दमलेला, कनवाळू माणूस. त्यांनी बाकावर पोत्याशेजारी बैठक मारली.

"घरात भांडन होतं काय?"

"नाही," प्रीतम म्हणाला.

"हाये," केशरबाई म्हणाल्या. "अकरा दिवसांपासून."

उत्तमरावांनी पेनाचं टोपण काढलं. "कायच्यावरून?"

"राखेवरून."

"मशीनवरून," ज्योत्स्ना म्हणाली. तिचं सगळं लक्ष मितूच्या डोळ्यांतल्या बाहुल्यांकडे होतं. "भांडी घासायची मशीन आहे. आईंना वाटतं राखेनं जास्त निघतं."

"वाटते काय? निघतेच!"

"आई, राखेनं ओरखडे पडतात. ओरखड्यांत घाण राहते."

"अन् तुह्या मशीनमंदी काय राह्यलं? पोरगी राह्यली दवाखान्यात!"

उत्तमराव लिहायचे थांबले. "एक मिनिट. हे मशीन कढई काढते काय? आमच्या घरी मिसेस रोज मांगून राहिली. ठेच्याची कढई हाये, लोखंडी. निरमा झाला, वडी झाली, वाळू झाली, बुड काही उजळत नाही."

"लोखंडी घालायची नाही त्यात," ज्योत्स्ना आपोआप म्हणाली. "गंजते."

"पाहा! मी म्हनलं होतं तिले!" उत्तमरावांना किती बरं वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांना आपण कुठं बसलोय ते आठवलं. त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "भांडी घासण्याच्या यंत्रावरून सासू-सुनेत सतत वाद. सदर वादास कंटाळून सासऱ्याने कीटकनाशक..."

"अहो, असं नाही!" प्रीतमनं कागद धरला. "त्यांनी काही घेतलंच नाही!"

"भाऊ," उत्तमराव शांतपणे म्हणाले, "या महिन्यात मी हे बाविसावं लिहून राहिलो. कारनाच्या रकान्यात काहीतरी लिहाच लागते. रिकामा ठेवला तं साहेब परत पाठवते. आतापर्यंत मी पोटदुखी लिहिली, दारू लिहिली. तुमचं कारन तं निदान नवं हाये." त्यांनी कागद सोडवून घेतला. "बरं, ज्याच्यात औषध होतं ते भांडं कोनतं? जप्त करा लागते."

"वाटी," प्रीतम म्हणाला. "पण सहांतली कोणती, ते..."

"तेच तर कळत नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "इतकी स्वच्छ निघाली."

उत्तमरावांनी सहाही वाट्या उजेडात फिरवून पाहिल्या. वास घेतला. "लिंबू," म्हणाले. मग सहाही कापडात बांधल्या, गाठीवर लाख लावली आणि लिहून घेतलं, वाट्या नग सहा. दोन वर्षं एका वाटीसाठी झुरलेल्या केशरबाई त्या गाठोड्याकडे बघत राहिल्या.

साडेतीनला डॉक्टर गजाला बाहेर आल्या. तरुण, डोळ्यांखाली काळं, हातात दोन कागद.

"मुलीचं रक्त नॉर्मल आहे," त्या म्हणाल्या. "ठणठणीत आहे ती. खायला घाला, भुकेली आहे."

ज्योत्स्ना बाकावर बसली आणि मितूच्या केसांत तोंड घालून इतकी रडली की मितू घाबरून गप्प झाली. केशरबाईंनी छताकडे हात जोडले. प्रीतमनं उगीचच पोत्याची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"मंग आता त्याहिलेही सोडा, बाई," केशरबाई डोळे पुसत म्हणाल्या. "उगाच नळी घातली बिचाऱ्याले. चाल म्हना, घरी चाल."

डॉक्टर गजालांनी दुसरा कागद वर घेतला.

"काकांनी काही प्यायलेलं नाही. पोटातून नुसता चहा निघाला, तेव्हाच कळलं मला. पण औषध रक्तात आहे. हे विष रक्तातलं जे एन्झाइम मारतं, ते असायला हवं त्याच्या चौथा हिस्सासुद्धा उरलेलं नाही. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सिस्टरनं तेच पाहिलं." त्यांनी प्रीतमकडे पाहिलं. "किती दिवस फवारतायत ते?"

प्रीतमला माहीत नव्हतं. केशरबाईंना माहीत नव्हतं. रोजच्या फोनवर मोतीराम 'बरं चालू हाये' म्हणत, आणि मग वाटीचा विषय निघे.

"फवारताना तोंडाला काही बांधलेलं नाही, हाताला काही नाही. नऊ दिवस, सांगितलं मला त्यांनी. कातडीतून गेलंय, श्वासातून गेलंय. चार दिवसांपासून नजर पुसट झालीय. आजची एक रात्र जर ते घरीच झोपले असते..." आतून कोणीतरी हाक मारली. वाक्य तसंच टाकून त्या गेल्या.

तीन दिवस मोतीराम बेभान होते. बैलांना हाका मारत, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला शेताचा धुरा सरकवल्याबद्दल शिव्या देत. त्या माणसाचीही शुद्ध हरपलेली. तोही उत्तर देत होता. बांधावरचं ते भांडण दोन दिवस चाललं, आणि तिसऱ्या दिवशी एका बाजूनंच चालू राहिलं, कारण शेजारची खाट सकाळी रिकामी झाली होती. चादर बदलली होती.

गुरुवारी दुपारी मोतीराम शुद्धीवर आले. मनगटं सोडली. केशरबाईंनी चमच्यानं भाताची पेज पाजली. ज्योत्स्ना मितूला घेऊन पायाशी उभी होती.

"सांगतलं काहून नाही?" पेज संपल्यावर केशरबाईंनी विचारलं.

"काय सांगू? डोकं फिरून राहिलं म्हनून? साऱ्याचंच फिरून राहिलं."

"मंग अकोल्याले कायले आले?"

मोतीरामांनी पेजेचं तोंड पुसलं. "दवाखान्यात जातो म्हनून घराले कुलूप लावलं असतं काय मी? गावात तोंड दाखवू देलं नसतं कोनी. वाटी नेऊन देतो म्हनलं अन् यष्टीत बसलो. इकडे आल्यावर म्हनलं, सांगू उद्या. मंग उद्या तुमची परीक्षा निघाली." त्यांनी मितूकडे पाहिलं, तिचा पाय हातात धरला. "हिच्यासाठी आलो दवाखान्यात, म्हनून आलो. माह्यासाठी मी चढलो असतो काय त्या पायऱ्या?"

केशरबाईंनी चमचा धुतला. एकच चमचा, नळाखाली, बोटांनी, बराच वेळ.

"दीड एकर राह्यलं होतं," मोतीराम म्हणाले. "अळीनं खाल्लं असन एव्हाना."

"नाही खात. ते होऊन राहिलं. तुमी पडा."

"कोन करून राहिलं?"

केशरबाईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग कुठंच नाही. "प्रीतम गेला ना. सकाळच्या यष्टीनं. म्हने औषध तं फोडूनच ठेवलं हाये, वाया कायले जाऊ द्याचं."

"ते ऑफिसला गेलेत," ज्योत्स्ना म्हणाली.

"हाफिसात अर्ज देऊन गेला. तुले सांगू नोको म्हने. तू घाबरते."

ज्योत्स्नानं फोन लावला. पहिल्यांदा उचलला गेला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा प्रीतमचा आवाज आला, मागे वारा, पंपाची कर्रकर्र.

"अगं, काही नाही, होतच आलं. तोंडाला रुमाल बांधलाय मी, काळजी करू नको. नऊ पंप झाले, दोन राहिले. नाही गं, बरा आहे. ऊन लागलं असेल थोडं. समोरच्या ओळी जरा पुसट दिसून राहिल्या, बाकी काही नाही."

"प्रीतम, पंप खाली ठेवा. जिथं आहात तिथं बसा. कोणाला तरी हाक मारा. आत्ताच्या आत्ता."

ती आणखी काय काय बोलली ते केशरबाईंना नीट कळलं नाही, कारण ती हळू आणि फार भरभर बोलत होती. मग तिनं फोन ठेवला, मितूला सासूच्या मांडीवर दिलं आणि औषधांची ट्रॉली ढकलत जाणाऱ्या सिस्टरला थांबवलं.

"सिस्टर," ती म्हणाली, "ही बाजूची खाट अजून कोणाला दिली नाही ना?"